शिदोरीत दिलेलं भांडण

राग माझ्या नाकावर बसलेला असतो, असं आई म्हणायची. मी शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा वर्गातल्या पोरीही तेच म्हणायला लागल्या, फक्त माझ्या पाठीमागं. ह्या रागापायी मी एकदा कोर्टात आरोपी म्हणून उभी राहिले. चोरी केली नाही, कुणावर हात टाकला नाही. एका सिनेमावाल्याला भर सभेत खोटारडा म्हणाले, एवढंच. पण तो सिनेमावाला तोवर मोठा माणूस झालेला होता, आणि मी होते औरंगाबादच्या एका खाजगी शाळेतली बाई, जिच्या पगारावर ती आणि तिची विधवा आई अशा दोघी राहात होत्या. आता शहराचं नाव संभाजीनगर झालंय. पण माझ्या केसच्या कागदांवर औरंगाबादच आहे, तर मीही इथं तेच लिहिते.

हा माणूस परका नव्हता, आमच्याच नाटकाच्या ग्रुपमधला होता. गाव बिडकीन, म्हणून आम्ही त्याला बिडकीनवाला म्हणायचो, आणि इथंही तेच म्हणते. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, बापानं दुसरं लग्न केलं होतं. हा कॉलेजसाठी शहरात खोली घेऊन राहायचा आणि जेवायला बहुतेक आमच्याकडं. तालीम सुटली की माझ्याबरोबर यायचा आणि चपला काढायच्या आधीच विचारायचा, "आई, आज काय केलंय?" माझ्या आईला तो आईच म्हणायचा. आई त्याच्या भाकरीवर लोणी वाढायची आणि माझी भाकरी कोरडी. मी कुरकुर केली की म्हणायची, "तुला आई हाय की. त्याला निदान लोणी तरी ऱ्हाऊ दे."

ग्रुपची नाटकं मी लिहायची. आणि आमच्या ग्रुपची एक पद्धत होती, ह्या सगळ्या राड्याचं मूळ तीच. कुणी मुंबईला नशीब काढायला निघालं की आम्ही त्याला शिदोरी द्यायचो. शिदोरी म्हणजे एक सीन. आमच्या नाटकातला किंवा खास त्याच्यासाठी लिहिलेला. मुंबईत ज्याच्या-त्याच्या दारात जाऊन त्यानं तो करून दाखवायचा आणि काम मिळवायचं. जायच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचं, "आजपासून हे तुझं." त्यानंतर तो सीन ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणी करायचा नाही, आणि ज्यानं लिहिला त्यानं त्यावर आपलं नाव सांगायचं नाही. कागद नाही, सही नाही. दिलं म्हणजे दिलं. आम्हाला ह्याचा भारी अभिमान होता. पुढं माझ्या वकिलांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

बिडकीनवाल्याला मी शिदोरीत जो सीन दिला, ती माझ्या आईची गोष्ट होती.

आई लग्न होऊन सिल्लोडकडच्या एका खेड्यात नांदायला आली आणि थोड्याच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. आधी रझाकारांची दहशत, आता वारं उलटं फिरलं. आईच्या घराला लागून एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईला आई भाबी म्हणायची. भीतीपायी ते लोक पुढचं दार आतून लावून मागच्या दारानं निघून गेले, शहरात नातेवाइकांकडं. जाताना भाबी आईला एवढंच म्हणाली, "घर कू देख." आजूबाजूच्या गावांत टोळ्या फिरत होत्या. घर रिकामं दिसलं की दारं-चौकटीसुद्धा उपटून न्यायच्या. सोळा-सतरा वर्षांची माझी आई करणार काय? तर ती दिवेलागणीला मागच्या दारानं भाबीच्या घरात शिरायची, दिवा लावायची आणि मोठमोठ्यानं भांडायची. एकटीच. आपल्या आवाजात म्हणायची, "भाबी, तुमची कोंबडी पुन्यांदा माह्या ज्वारीत घुसली." मग भाबीच्या आवाजात आपणच उत्तर द्यायची, "आरी तो क्या हुआ, कोंबडीच है, शेर तो नै." रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, घरात माणसं आहेत आणि बायका रोजच्यासारख्या भांडतायत. गावातली चार घरं जाणून होती, ती गप्प राहिली. सासूनं शिव्या घातल्या, तरी भाबी परत येईपर्यंत आई रोज भांडत राहिली. भाबी आली तेव्हा तिच्या घरातलं खापरसुद्धा हललेलं नव्हतं.

आई हे हसत सांगायची. मी त्याचा सीन लिहिला आणि बिडकीनवाल्याला दिला. त्यानं तो आमच्या स्वयंपाकघरात बसवला. आई चुलीपुढं बसून त्याला भाबीचा आवाज शिकवायची. "आसं नाय रं, भाबी नाकातून बोलायची," म्हणायची, आणि करून दाखवायची. तो करायचा, ती हसून हसून डोळे पुसायची. मी दारात उभी राहून बघायची, आणि माझ्या लिहिण्याचं चीज झालं म्हणून फुगायची. खरं सांगते, तेव्हा मला त्याचं कौतुकच होतं.

तो गेला, आणि त्या एका सीनवर त्याला काम मिळालं. आधी नट झाला, मग दिग्दर्शक. मग काही वर्षांनी त्यानं त्याच सीनवर अख्खा सिनेमा उभा केला. कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, सगळ्यापुढं त्याचंच नाव. मला टोचलं. टोचणारच की. पण शिदोरी दिली होती, मूग गिळून बसले. आईला थिएटरात घेऊन गेले. बाहेर पडताना मी विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणाली, "चांगला केलाय लेकरानं. भाबी जरा जास्तच गोरी घेतली."

तिथंच सगळं थांबलं असतं. पण एका रविवारी पेपरच्या पुरवणीत त्याची मुलाखत आली. मी ती आईला वाचून दाखवत होते, ती मेथी निवडत होती. हा सीन सुचला कसा, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं होतं, "ही माझ्या आईची गोष्ट, तिनंच मला जवळ बसवून सांगितली." बस्स. कोण आई, कुठलं गाव, आमचा ग्रुप, मी, कशाचा पत्ता नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं मेथीची काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "मग?"

"मग काय मग? तू त्याची आई आहेस का?"

"म्हनतो तर म्हनू दे."

म्हणू दे कसं? सीन मी दिला होता. आई नव्हती दिली. मला रात्रंदिवस तेच डोक्यात. लोक त्याला पत्रं लिहीत होते, तुमच्या आईला नमस्कार सांगा म्हणून. आणि जिनं ते केलं ती माझी आई इथं मेथी निवडत बसली होती, तिला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं. मी आईला म्हणाले, मी हे खपवून घेणार नाही. ती म्हणाली, "तू कधी काय खपवून घेतलंस?"

पुढच्याच आठवड्यात इथल्या एका नाट्यस्पर्धेच्या बक्षीस समारंभाला मला बोलावलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं त्या सिनेमाचे गोडवे गायले, आपल्या मातीतला कलावंत, त्याच्या आईची गोष्ट जगात पोचली वगैरे. मी उठले, तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "तो खोटारडा आहे. ती त्याची आई नाही, माझी आहे. दुसऱ्याची आई पळवून नेणाऱ्या माणसाला कलावंत म्हणू नका." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी माझं वाक्य पेपरात पहिल्या पानावर होतं, आणि दोन दिवसांत मुंबईच्या पेपरांतही. त्याला तेव्हा मोठा सरकारी पुरस्कार मिळणार असं बोललं जात होतं. तो मिळाला नाही. त्यानं इथल्या कोर्टात माझ्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद टाकली.

फौजदारी म्हणजे काय हे मला समन्स हातात पडेपर्यंत कळलं नव्हतं. शिक्षा होऊ शकते. आमच्या शाळेच्या संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून घेतलं, चहा दिला आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण शिक्षा झाली तर आम्हाला तुम्हाला ठेवता यायचं नाही. पालक विचारतात." नोकरी गेली तर आम्ही दोघी खाणार काय, राहणार कुठं, हा विचार घेऊन मी पैठण गेटपासून घरापर्यंत पायी आले.

वकील मला चांगले मिळाले. शहरातले जुने मुसलमान वकील, तोंडात पान, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. अदालत रोडवर त्यांचं ऑफिस होतं. पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ही गर्दी. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. तो आला काळा चष्मा लावून, बरोबर मुंबईचे वकील. इतक्या वर्षांनी मला समोर बघून तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई कशी आहे?"

"माझी आई बरी आहे," मी म्हणाले.

पुकारा झाला, मी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले, गुन्हा कबूल नाही म्हणाले. मी पिंजऱ्याचं लाकूड घट्ट धरून ठेवलं होतं.

मग तारखांवर तारखा. एका तारखेला त्याच्या वकिलांनी आमच्या वकिलांना माफीनाम्याचा मसुदा दिला. मी सही केली की तो केस काढून घेणार. माफी मागायला मी एक वेळ तयारही झाले असते, नोकरीसाठी माणूस काय करत नाही. पण त्यात एक वाक्य होतं. सदर प्रसंग हा पूर्णपणे फिर्यादीच्या कल्पनेतला असून माझ्या आईच्या अथवा कुटुंबातील कोणाच्याही आयुष्यात असे काही घडलेले नाही. मुलाखतीत आईची म्हणून सांगितलेली गोष्ट इथं त्याच्या कल्पनेतली झाली होती, पुढं कुणी सिनेमावर हक्क सांगू नये म्हणून. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, सही करा. किस्सा खतम. रोजी-रोटीचा सवाल आहे."

मी मसुदा घरी आणला आणि आईला वाचून दाखवला. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "कर की सही. कागदावर न्हाई म्हनलं म्हून झालेलं न झालेलं व्हतंय का?"

"आई, उद्या तू नसशील. मी नसेन. मग हेच राहील. तू काही केलंच नाहीस असं राहील."

"ऱ्हाऊ दे."

"नाही राहू देणार," मी म्हणाले, आणि मसुदा तसाच परत केला. वकीलसाहेबांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "जिद्दी आहात. ठीक आहे, लढू." तेव्हापासून मला झोप अशी लागलीच नाही. वर्गात शिकवताना मध्येच पुढचं वाक्य विसरायची. पोरी एकमेकींकडं बघायच्या.

त्याची साक्ष झाली त्या दिवशी आमच्या वकिलांनी त्याला उलटतपासात असा काही कोंडीत पकडला की मला मनातून गुदगुल्या होत होत्या. विचारलं, तुमच्या आईचं निधन तुम्ही लहान असताना झालं, बरोबर? तो म्हणाला, बरोबर. आई सिल्लोड भागात कधी राहिली का? नाही. मग ही गोष्ट तिनं तुम्हाला कधी सांगितली? आमच्या वकिलांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं, संपला.

त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, "मी ज्या आईबद्दल बोललो ती हीच. आरोपीची आई. जन्म देणारीचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. मी आई म्हणतो ती हिलाच. गोष्ट तिनंच मला चुलीपुढं बसून सांगितली. मी खोटं बोललो नाही. तिला विचारा."

त्याच्या वकिलांनीसुद्धा चमकून त्याच्याकडं पाहिलं. त्यांना हे ठाऊक नसावं. तो खरं बोलत होता की नाटक करत होता, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता यायचं नाही. नट होता तो. पण त्याचा आवाज मधेच बसला होता.

ऑफिसात आल्यावर वकीलसाहेबांनी आधी फाइल मिटली. मग म्हणाले, "बाई, आता सगळं तुमच्या आईवर आलं. तुम्ही म्हणालात तो खोटारडा, दुसऱ्याची आई पळवली. तो म्हणतो ती माझीही आई. आई साक्षीला येऊन 'होय, हा माझा मुलगाच' म्हणाल्या, तर तो खरा ठरला आणि तुम्ही गुन्हेगार. नाही म्हणाल्या, तर तुम्ही सुटलात."

त्यांनी घरी येऊन आईलाही हेच सांगितलं, जमिनीवर मांडी घालून, अगदी अदबीनं. आईनं सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "शपथ घ्यावी लागती?"

"हो माई. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, अशी."

"आन् हो म्हनले तर पोरीची नोकरी जाती."

"नोकरी जाते. शिक्षाही होऊ शकते."

आई मान हलवून आत गेली. तिनं त्यांच्यासाठी चहा केला. मी तिला काहीही पढवलं नाही. एक शब्द नाही. पण साक्षीच्या दिवसापर्यंत ती नीट जेवली नाही, आणि मला ते दिसत होतं, आणि मी तेही काही बोलले नाही. मला भीती वाटत होती की विचारलं तर ती हो म्हणेल. कारण खरं तेच होतं. त्यानं तिला मुंबईहून पहिल्या पगाराची साडी पाठवली होती. ती तिनं सणाला नेसून नेसून विरवली होती.

साक्षीच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. आई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, डोक्यावर पदर, हात जोडलेले. आधी आमच्या वकिलांनी विचारलं आणि तिनं गोष्ट सांगितली. काय सांगितली म्हणून सांगू. भाबीच्या आवाजात कोंबडीचं उत्तर दिलं तेव्हा न्यायाधीशसुद्धा हसले. मी बिडकीनवाल्याकडं पाहिलं. तो बाकावर पुढं सरकून ऐकत होता आणि तिच्याबरोबर ओठ हलवत होता, बहुतेक त्याला कळतही नसावं.

मग मुंबईचे वकील उठले. आवाज एकदम मऊ.

"आजी, हे तुमच्याकडं रोज जेवायला यायचे?"

"व्हय."

"तुम्हाला आई म्हणायचे?"

"व्हय. म्हनायचा."

"ह्या भाबीचा आवाज त्यांना तुम्हीच शिकवलात?"

"म्याच शिकिवला."

"प्रेमानं?"

"तर. मारून का शिकिवतंय कोनी?"

लोक हसले. मी नाही हसले. प्रत्येक 'व्हय'ला माझा जीव एकेक पायरी खाली चालला होता. वकिलांनी हसू ओसरू दिलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही ह्यांना मुलगाच मानत होता. बरोबर ना?"

आईनं आधी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं चष्मा काढून हातात घेतलेला होता आणि तो तिच्याकडं असा बघत होता, जसा ताटावर बसलाय आणि ती वाढायची वाट बघतोय. मग आईनं माझ्याकडं पाहिलं. मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी. न्यायाधीश म्हणाले, "बाई, उत्तर द्या."

"नाय," आई म्हणाली.

"काय म्हणालात?"

"नाय मानत व्हते. जेवाया लई पोरं यायची. त्यातला ह्यो येक."

"आजी, तुम्ही शपथेवर बोलताय."

"ठावं हाय मला. माहा कोनी नाय ह्यो."

वकिलांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण तिची उत्तरं तीच. बिडकीनवाला उठला आणि कोर्टाबाहेर गेला. त्याच्या वकिलांनी खुणेनं त्याला थांबवायचा प्रयत्न केला, तो थांबला नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा तो गाडीपाशी होता. कॉलेजची पोरं वह्या पुढं करून सह्या मागत होती आणि तो खाली मान घालून देत होता. आईनं माझा हात सोडला आणि ती त्याच्याकडं गेली. पोरं बाजूला झाली. तिनं त्याच्या तोंडावरून फिरवावा तसा हात उचललाही. त्यानं दोन्ही हात जोडले, चारचौघांत जोडतात तसे, आणि म्हणाला, "नमस्कार. येतो, बाई." आणि गाडीत बसला.

रिक्षात मी सारखी बोलत होते. सुटलो आता, वकीलसाहेब म्हणालेत, केसमध्ये दम राहिला नाही, असं काय काय. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. माझी आई माझी राहिली होती, नोकरी राहिली होती. आई बाहेर बघत होती. घरी येऊन तिनं पाय धुतले, देवापुढं बसली आणि बराच वेळ उठली नाही.

पुढच्या तारखेला त्याच्या वकिलांनी फिर्याद मागं घेत असल्याचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी मला निर्दोष सोडलं. वकीलसाहेबांनी पेढे आणले. शाळेच्या सचिवांनी पुन्हा चहा पाजला आणि आम्हाला खात्रीच होती म्हणाले. पेपरात आईचा फोटो छापून आला, खाली तिचं नाव, तिच्या गावाचं नाव, भाबीच्या घराची गोष्ट. खरी आई ही, असा मथळा. मी तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. आईनं पेढा मात्र खाल्ला नाही. मी पुढं केला तर म्हणाली, "तुला व्हवा व्हता, तू खा." आणि तेव्हा मला तिच्यावरही राग आला. हिच्यासाठी मी सगळं केलं आणि हिला त्याचं काहीच नाही, असं वाटलं. बिडकीनवाल्यानं त्यानंतर कुठल्याही मुलाखतीत त्या सीनबद्दल तोंड उघडलं नाही. आमच्याकडं त्याचं पत्र नाही, फोन नाही.

वर्ष-दीड वर्षानं इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा एक घोळका टेपरेकॉर्डर घेऊन घरी आला. पेपरातलं वाचून आली होती पोरं. पोलीस ॲक्शन पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ते गोळा करत होते, आणि आईची गोष्ट त्यांना तिच्याच तोंडून हवी होती, कायमची जपून ठेवायला. मला इतका आनंद झाला की मी सकाळपासून घर आवरत होते. ह्याच्याचसाठी तर मी माफीनामा परत केला होता. आईला नवी साडी नेसवली, बाजेवर बसवलं, माइक तिच्यापुढं ठेवला. एका मुलीनं विचारलं, "आजी, ती भाबीच्या घरातल्या भांडणाची गोष्ट सांगता का?"

आई म्हणाली, "ती माही नाय बाई. ती त्या पोराच्या पिच्चरमधली हाय."

मुलगी गोंधळली. मला वाटलं, आई चेष्टा करतेय. मी म्हणाले, "अगं आई, असं काय करतेस? तुझीच गोष्ट ना ती?"

"नाय. माह्या आयुष्यात आसलं काय झालंच नाय. त्यानं त्याच्या डोक्यानं रचली."

"आई," माझा आवाज चढला, "तू कोर्टात शपथेवर सांगितलंस. माझ्यासमोर. सगळ्यांसमोर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चिडून नाही, अगदी शांतपणे.

"कोर्टात म्या ह्यो माहा कोनी नाय, आसं बी सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

टेप चालूच होती. त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं, आणि मी तिला बंद कर म्हणाले. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. ती गोष्ट तिनं पुन्हा कुणाला सांगितली नाही, मलाही नाही.